नावावर एकही डायनोसॉर नसलेली मेरी

पाच-सहा वर्षांच्या मुलाला बाराखडी धड येत नसते, पण ‘पॅकीसेफॅलोसॉरस’ हे नाव ते न अडखळता घेते. अशा मुलासाठी दुकानातून प्लॅस्टिकच्या डायनोसॉरांचे पाकीट आणले, तर त्यात तीन प्राणी बहुतेक वेळा सापडतात. एक डॉल्फिनसारखा दिसणारा, दुसरा लांबलचक मानेचा आणि वल्ह्यांसारख्या चार पायांचा, तिसरा कातडी पंखांचा. पाकिटावर ‘डायनोसॉर’ असे छापलेले असते आणि आईवडीलही तिघांना तेच म्हणतात. खरे तर या तिघांपैकी एकही डायनोसॉर नाही. पहिला इक्थिओसॉर, दुसरा प्लेसिओसॉर आणि तिसरा टेरोसॉर. डायनोसॉर जमिनीवर वावरत होते त्या काळात समुद्रात आणि आकाशात राहणारे हे वेगळ्या कुळांतले सरपटणारे प्राणी. या तिघांनाही इंग्लंडच्या मातीतून वर काढणारी व्यक्ती एकच होती. ती कोणत्याही कॉलेजात गेलेली नव्हती. कर्जबाजारी होऊन मेलेल्या एका सुताराची ती मुलगी. नाव मेरी ॲनिंग.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाईम रेजिस नावाचे छोटे बंदराचे गाव आहे. तिथे २१ मे १७९९ रोजी मेरीचा जन्म झाला. हे नाव तिला तिच्या मेलेल्या बहिणीचे मिळाले होते. मोठी मेरी चार वर्षांची असताना, आदल्याच वर्षीच्या नाताळात, कपड्यांना आग लागून भाजून गेली. ॲनिंग दांपत्याला दहाच्या आसपास मुले झाली, पण मोठी होईपर्यंत जगली ती दोनच: जोसेफ आणि ही धाकटी मेरी. देवी, गोवर आणि उपासमार यांच्या त्या काळात हे फार जगावेगळे नव्हते.

धाकटी मेरीही वाचली ती थोडक्यात. १९ ऑगस्ट १८०० रोजी गावात घोडेस्वारांचे खेळ आले होते. सव्वा वर्षाच्या मेरीला शेजारची एक बाई कडेवर घेऊन ते पाहायला गेली. पावसाची सर आली म्हणून तिघी बायका एका एल्म झाडाखाली उभ्या राहिल्या आणि झाडावर वीज कोसळली. तिघी जागच्या जागी गेल्या. निपचित पडलेल्या बाळाला लोकांनी धावत घरी नेले, कोमट पाण्यात बुडवले आणि ते रडू लागले. आधी किरकिरे आणि रोगट असलेले पोर त्यानंतर तरतरीत झाले, असे गावकरी पुढे कित्येक वर्षे सांगत राहिले. विजेने बुद्धी येत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण एका गरीब मुलीच्या हुशारीला काहीतरी कारण हवे, असे गावाला वाटले असावे.

वडील रिचर्ड सुतारकाम करत. घर समुद्राला इतके लागून की, मोठ्या वादळात पाणी आत शिरे. लाईम रेजिसच्या दोन्ही अंगांना उंच, ठिसूळ कडे आहेत. चुनखडी आणि काळसर चिखलदगड यांचे थर एकावर एक रचलेले, एखाद्या जाड पुस्तकाच्या पानांसारखे. हिवाळ्यात पावसाने ते फुगतात, दरडी कोसळतात आणि आतले दगडी शंख-शिंपले वाळूवर येऊन पडतात. नेपोलियनशी युद्ध चालू असल्यामुळे श्रीमंत इंग्रजांना फ्रान्स-इटलीला जाता येत नव्हते. ते अशा किनाऱ्यावरच्या गावी हवापालटाला येत आणि जाताना काहीतरी नवलाची वस्तू घेऊन जात. रिचर्ड सुट्टीच्या वेळात हे दगड गोळा करून घरासमोर टेबलावर मांडत आणि विकत. दोन्ही मुलांना ते सोबत नेत.

त्या दगडांना गावात गमतीदार नावे होती. वेटोळे घातलेल्या शंखाला लोक सापाचा दगड म्हणत, बंदुकीच्या गोळीसारख्या टोकदार दगडाला सैतानाचे बोट. तो सापाचा दगड म्हणजे ॲमोनाइट हा समुद्री जीव. आपल्याकडे अनेक घरांच्या देवघरात तो आहे: गंडकी नदीत मिळणाऱ्या शाळिग्रामात जे चक्र दिसते, ते याच ॲमोनाइटचे. मुलाला जीवाश्म म्हणजे काय ते दाखवायचे असेल, तर कधी कधी देवघरापर्यंत जावे लागते, संग्रहालयापर्यंत नाही.

मेरी अकरा वर्षांची असताना, १८१० च्या नोव्हेंबरात, रिचर्ड वारले. क्षयाने ते आधीच पोखरलेले होते, त्यात कड्यावरून पडल्याची दुखापत. वय ४४. मागे सुमारे १२० पौंडांचे कर्ज. आई, जोसेफ आणि मेरी यांना परगण्याकडून निर्धनांना मिळणाऱ्या तुटपुंज्या मदतीवर दिवस काढावे लागले. दगड विकणे हा आता फावल्या वेळचा छंद उरला नाही. चूल त्यावर पेटणार होती.

पुढच्याच वर्षी जोसेफला कड्याच्या पायथ्याशी एक भलीमोठी कवटी दिसली. लांबी चार फूट, जबडा निमुळता आणि दातांनी भरलेला, डोळ्याची खोबण ताटलीएवढी. मगर असावी, असे सर्वांना वाटले. जोसेफ गादीकामाच्या धंद्यात उमेदवारी करत होता, त्याला वेळ नव्हता. उरलेले धड शोधण्याचे काम मेरीकडे आले. दरडीने ती जागा झाकून टाकली होती. साधारण वर्षभराने, १८१२ मध्ये, कड्याचा आणखी भाग ढासळला आणि तिला मणके आणि बरगड्या दिसल्या. मजूर लावून तो सांगाडा बाहेर काढला गेला, तेव्हा ती तेरा वर्षांचीही होती-नव्हती. कवटीसह लांबी सतरा फुटांच्या घरात.

हा प्राणी दगडात गेला कसा, हे मुले हमखास विचारतात. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी लाईम रेजिसच्या जागी उथळ, उबदार समुद्र होता. मेलेला प्राणी तळाशी जाई. तळातल्या चिखलात प्राणवायू कमी असल्याने तो लगेच कुजत नसे आणि वरून गाळ बसत राहिल्याने इतर प्राण्यांच्या तोंडीही लागत नसे. मांस जाई, हाडे राहत. पाण्यातली खनिजे हाडांच्या बारीक छिद्रांत शिरून घट्ट होत. लाखो वर्षांत चिखलाचा दगड झाला, भूकवचाच्या हालचालींनी समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि आता तोच समुद्र लाटांनी तो दगड कुरतडून आतली हाडे मोकळी करतो. मोकळी झालेली हाडे ओहोटीच्या काही तासांत उचलली नाहीत, तर पुढच्या भरतीत ती फुटून जातात. म्हणून जीवाश्म गोळा करण्याचा उत्तम हंगाम हिवाळा. दरडी कोसळण्याचा हंगामही तोच.

तो सांगाडा जवळच्या जमीनदाराने सुमारे २३ पौंडांना घेतला. कर्जात बुडालेल्या घरासाठी ही रक्कम मोठी होती. पुढे तो लंडनच्या एका खासगी संग्रहालयात गेला. लोकांची रीघ लागली. १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने लिलावात त्याला ४५ पौंड मोजले. विद्वानांनी त्यावर निबंध लिहिले. कुणी त्याला माशाजवळ नेले, कुणी भलत्याच प्राण्याजवळ. शेवटी मासा आणि सरडा या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून इक्थिओसॉर हे नाव ठरले. त्या कवटीत डोळ्याभोवती हाडांच्या चकत्यांचे कडे आहे. खोल पाण्यात मोठ्या डोळ्याचा आकार टिकवायला ते उपयोगी पडत असावे. ही कवटी आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्या काळच्या निबंधांत मात्र ॲनिंग हे नाव शोधूनही सापडत नाही.

या एका सांगाड्याने ॲनिंगांचे दिवस पालटले नाहीत. पुढची काही वर्षे मोठे काही मिळाले नाही आणि घरातले सामानसुमान विकायची पाळी आली. तेव्हा थॉमस बर्च नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने एक विलक्षण गोष्ट केली. त्याच्या संग्रहातले अनेक उत्तम नमुने त्याने ॲनिंगांकडूनच घेतले होते. १८२० मध्ये त्याने तो संग्रह लंडनमध्ये लिलावात काढला आणि आलेले सुमारे ४०० पौंड या कुटुंबाला देऊन टाकले. पैशांइतकाच दुसराही फायदा झाला. लिलावाला आलेल्या देशोदेशींच्या संग्राहकांना ॲनिंग हे नाव कळले.

विशीत आलेली मेरी तोवर नुसती दगड वेचणारी राहिली नव्हती. तिचे शालेय शिक्षण म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकलेले लिहिणे-वाचणे. ॲनिंग कुटुंब राजमान्य चर्चचे नव्हते, ते वेगळ्या पंथाचे. गरीब, बाई आणि त्यात पंथ वेगळा. विद्यापीठाचे दार तिन्ही कारणांनी बंद. मग तिने स्वतःची शाळा काढली. कुणाकडून शास्त्रीय निबंध उसना मिळाला, की ती तो पूर्ण उतरवून काढी, चित्रांसकट. तिने नकललेली चित्रे मूळ चित्रांच्या तोडीची आहेत. बाजारातले मासे आणि माकुल आणून ती चिरून बघे: मणका मणक्याला कसा जोडला जातो, कल्ला कुठे असतो, पोटात काय कुठे असते. जिवंत प्राण्याची रचना डोळ्यांत बसली, की दगडातले अर्धवट हाड कुठले ते ओळखता येते. पुराजीवशास्त्राची ही मूळ रीत आहे. १८२४ मध्ये तिला भेटून गेलेल्या एका खानदानी बाईने डायरीत नोंदवले आहे की हाड पाहताक्षणी ते कोणत्या कुळातले हे मेरी सांगते, आणि या विषयात तिला राज्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त समजते हे प्राध्यापक मंडळीही मान्य करतात.

त्याच सुमाराला तिच्या आयुष्यातली सर्वांत कठीण परीक्षा आली. १८२३ च्या डिसेंबरात तिने एक जवळपास संपूर्ण सांगाडा खणून काढला. नऊ फूट लांबीचा प्राणी, धड कासवासारखे रुंद, चार वल्ही, इवलेसे डोके आणि मान अशी की संपता संपत नाही. अशा प्राण्याचे काही तुकडे आधी मिळाले होते आणि त्यावरून प्लेसिओसॉर हे नावही देऊन झाले होते. पण ही मान कुणी कल्पिली नव्हती. मेरीने काढलेले चित्र पॅरिसला जॉर्ज क्युव्हिएकडे पोहोचले. क्युव्हिए म्हणजे त्या काळच्या प्राणिशरीरशास्त्रातला शेवटचा शब्द. पृथ्वीवरून प्राण्यांच्या जाती कायमच्या नष्ट होऊ शकतात, हे हाडांच्या पुराव्याने त्यानेच दाखवले होते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मानेत मोजकेच मणके असतात आणि इथे पस्तीसच्या आसपास दिसत होते. दोन प्राण्यांची हाडे जोडून हा सांगाडा बनवला असावा, अशी शंका त्याने काढली.

दगड विकून पोट भरणाऱ्या बाईवर बनावटपणाचा शिक्का बसणे म्हणजे काय, हे सांगायला नको. एकदा विश्वास उडाला, की तिच्या हातचा कोणताच दगड कुणी घेतला नसता. सुदैवाने नमुना इतका सलग होता, की शंकेला जागा उरली नाही. विल्यम कॉनिबेअर या धर्मगुरू भूगर्भशास्त्रज्ञाने तो तपासला आणि क्युव्हिएनेही आपली चूक कबूल केली. २० फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत कॉनिबेअरने या प्राण्यावर व्याख्यान दिले. सांगाडा इतका बोजड होता की जिन्यावरून वर नेता येईना, तो खालच्या बोळातच ठेवून सभासदांना तिथे जाऊन पाहावा लागला. मेरीचे नाव त्या व्याख्यानात आले नाही. ती सभेलाही नव्हती, कारण सोसायटी पुरुषांची होती. स्त्रियांना तिचे सभासद व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

याच संध्याकाळी, याच सभेत, ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंडने दुसऱ्या एका प्राण्याची हाडे सादर केली. त्याला त्याने मेगॅलोसॉरस म्हटले. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. ‘डायनोसॉर’ हा शब्द तेव्हा नव्हता, तो रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये बनवला. म्हणजे एकाच बैठकीत एक डायनोसॉर आणि एक डायनोसॉर नसलेला प्राणी विद्वानांसमोर होते आणि दोघांतला फरक सांगायला शब्दच नव्हता. हा फरक मुलांना सांगणे तितके अवघड नाही. सरड्याचे किंवा मगरीचे पाय धडाच्या बाजूंना फाकलेले असतात. डायनोसॉरचे पाय खांबांसारखे सरळ धडाखाली येत. पायांऐवजी वल्ही असली, तर तो डायनोसॉर नाही. पंख कातडीचे असले, तरीही नाही. अंगणातला कावळा मात्र डायनोसॉरांच्याच वंशातला आहे, आणि हे ऐकून मुले सर्वांत जास्त खूश होतात.

मुलांना आवडेल असा आणखी एक शोध मेरीच्या खाती आहे, आणि तो शीचा आहे. किनाऱ्यावर बटाट्याच्या आकाराचे, पिळदार दगड मिळत. जनावरांच्या पोटात होणारे खडे म्हणून लोक ते ओळखत. मेरीच्या लक्षात आले, की हे दगड इक्थिओसॉरच्या सांगाड्यात नेमके पोटाच्या पोकळीत सापडतात. फोडले तर आत माशांची हाडे आणि खवले. तिने हे बकलंडला सांगितले. १८२९ मध्ये बकलंडने जाहीर केले की ही दगड झालेली विष्ठा आहे, आणि तिला कोप्रोलाइट हे नाव दिले. ऐकणाऱ्यांना हसू आवरले नसेल, पण यामुळे एक मोठी गोष्ट शक्य झाली. हाडांवरून प्राणी कसा दिसत होता ते कळते. विष्ठेवरून तो काय खात होता, कुणाच्या वाटेला जात होता, हे कळते.

ही वाट पुढे महाराष्ट्रातही आली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुरा हे गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरच्या हाडांबरोबर कोप्रोलाइटही मोठ्या संख्येने मिळतात. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे परीक्षण केले, तेव्हा त्यांत गवतात तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतेच, असे तोवर मानले जात होते. विदर्भातल्या शेणाने, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या विष्ठेने, ते मत बदलले.

मेरीला या सगळ्यात एक सखी होती. एलिझाबेथ फिलपॉट ही वकिलाच्या घरची, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठी. तीही जीवाश्म जमवी. वर्गाने आणि वयाने इतके अंतर असूनही दोघी चिखलात शेजारी शेजारी गुडघे टेकत. १८२६ मध्ये सैतानाचे बोट म्हणवल्या जाणाऱ्या बेलेम्नाइटमध्ये मेरीला सुकलेल्या शाईची पिशवी दिसली. माकुल चिरून पाहिलेले असल्यामुळे तिला ती ओळखता आली. हा माकुलाचाच प्राचीन नातेवाईक होता. एलिझाबेथने त्या कोट्यवधी वर्षे जुन्या शाईत पाणी घातले, ती पुन्हा ओली झाली आणि तिने तिच शाई वापरून इक्थिओसॉरची चित्रे काढली.

त्या वर्षी मेरीने काचेची दर्शनी खिडकी असलेले घर घेतले आणि खाली दुकान थाटले. दोन वर्षांनी, १८२८ च्या डिसेंबरात, तिला पंखवाल्या टेरोसॉरचा सांगाडा मिळाला. जर्मनीबाहेर मिळालेला असा हा पहिलाच. डोके नव्हते, पण नख्या भल्या मोठ्या होत्या. आज त्याला डायमॉर्फोडॉन म्हणतात. दुकानात युरोप-अमेरिकेतली मंडळी येऊ लागली. स्वित्झर्लंडचा माशांचा अभ्यासक लुई अगासी १८३४ मध्ये आला. मेरी आणि एलिझाबेथ यांच्याकडून तो खूप काही शिकला आणि दोघींची नावे त्याने माशांच्या जीवाश्म जातींना दिली. मेरीच्या हयातीत तिच्या नावावरून जातींना नाव देणारा तो एकटाच. १८४४ मध्ये सॅक्सनीचा राजा दुकानात आला आणि एक इक्थिओसॉर घेऊन गेला.

मुलांच्या डायनोसॉरच्या पुस्तकांतली चित्रे कुठून सुरू झाली, याचेही उत्तर या गावात आहे. हेन्री दे ला बेश हा मेरीचा बालपणापासूनचा मित्र, पुढे नावाजलेला भूगर्भशास्त्रज्ञ. १८३० मध्ये मेरीला पैशांची चणचण होती. त्याने प्राचीन डॉर्सेटचा समुद्र रंगवला. इक्थिओसॉरने प्लेसिओसॉरची मान पकडली आहे, आकाशात टेरोसॉर, तळाशी ॲमोनाइट. बहुतेक प्राणी मेरीनेच शोधलेले. मान पकडलेल्या प्लेसिओसॉरला भीतीने शी झालेलीही त्यात दिसते. कोप्रोलाइटचा शोध तेव्हा ताजा होता. प्राचीन काळाचे जिवंत दृश्य जीवाश्मांच्या आधाराने उभे करणारे हे पहिल्या काही चित्रांपैकी एक. त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे त्याने मेरीला दिले.

तरी कडे काही प्रेमळ झाले नव्हते. १८३३ च्या ऑक्टोबरात मेरीच्या डोळ्यांसमोर दरड कोसळली आणि तिचा कुत्रा ट्रे तिच्याखाली सापडला. तो तिच्यासोबत नेहमी असे, सापडलेल्या जागेवर राखण करत बसे. दरड तिच्यापासून काही पावलांवर पडली होती. ती सावरायला तिला बरेच दिवस लागले, पण पुन्हा ओहोटीची वेळ पाहून ती निघालीच. दुसरा धंदा तिला नव्हता. १८३५ मध्ये साठवलेली पुंजी चुकीच्या गुंतवणुकीत गेली, सुमारे ३०० पौंड. बकलंडने खटपट करून तिला वर्षाला २५ पौंडांचे निवृत्तिवेतन मिळवून दिले. बकलंडला याचे श्रेय द्यायलाच हवे. तिच्या माहितीवर सर्वांत जास्त निबंध ज्यांनी लिहिले त्यांतला तो एक होता, हेही तितकेच खरे.

हे मेरीला कळत नव्हते असे नाही. तिच्या एका तरुण मैत्रिणीच्या डायरीतून दिसते, की विद्वान आपल्याला शोषून घेतात, पुस्तके छापून नाव मिळवतात आणि आपल्या हाती काही येत नाही, ही खंत तिच्या मनात होती. तिचे स्वतःचे असे छापलेले लेखन हयातीत एकच: १८३९ मध्ये एका निसर्गविषयक मासिकात आलेला तिच्या पत्राचा अंश. तोही कुणाची तरी चूक दाखवणारा. शार्कच्या नव्या प्रजातीचा गाजावाजा झालेला जीवाश्म नवा नाही, तसले आपण पूर्वीच पाहिले आहेत, असा त्याचा मुद्दा होता.

चाळिशीच्या मध्यावर तिला स्तनाचा कर्करोग झाला. भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये नुकतेच जाहीरपणे दाखवले गेले होते. त्याआधी स्तनाची शस्त्रक्रिया शुद्धीवर असलेल्या रुग्णावर होई आणि जंतुसंसर्गाची कल्पनाही नव्हती. बहुतेकींसाठी उरत असे ते वेदना सोसणे आणि लॉडेनम. लॉडेनम म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफू, औषधाच्या दुकानात कुणालाही मिळणारी. मेरी ते घेऊ लागली. अफूने पाऊल डळमळते, जीभ जड होते. गावात कुजबुज सुरू झाली, की मेरी ॲनिंग दारू प्यायला लागली. दुखणे तिने फारसे कुणाला सांगितले नव्हते. कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाकडे आजही काही घरांत संशयाने पाहिले जाते, सवय लागेल म्हणून डोस लपवले जातात. ती कुजबुज अजून पुरती थांबलेली नाही.

आजाराची बातमी लंडनला पोहोचल्यावर जिऑलॉजिकल सोसायटीच्या सभासदांनी तिच्या खर्चासाठी वर्गणी काढली. ९ मार्च १८४७ रोजी ती गेली. वय ४७. दे ला बेश तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष झाला होता. वार्षिक सभेत त्याने तिच्यावर मृत्युलेख वाचला आणि तो सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. हा मान एरवी सभासदांनाच मिळे आणि कोणत्याही स्त्रीला तो आधी मिळालेला नव्हता. तीन वर्षांनी गावच्या चर्चमध्ये सोसायटीच्या सभासदांनी तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली.

डायनोसॉर मात्र तिला हुकला. तिच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १८५८ मध्ये, शेजारच्याच चारमथच्या कड्यांत स्केलिडोसॉरस नावाच्या चिलखती डायनोसॉरची हाडे मिळाली. ज्या वाळूतून ती रोज जात होती, तिथून थोड्याच अंतरावर. कड्यांनी तो तिच्या हयातीत बाहेर टाकला नाही, इतकेच. तिच्या इक्थिओसॉरचा भाऊबंद भारतातही निघाला आहे: कच्छमधल्या लोडाई गावाजवळ मिळालेल्या साडेपाच मीटरच्या सांगाड्याचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्युरासिक काळातला भारतातला हा पहिला इक्थिओसॉर.

तिचा प्लेसिओसॉर आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या भिंतीवर आहे आणि शेजारच्या पाटीवर तिचे नाव आहे. लाईम रेजिसमध्ये तिचे घर होते त्याच जागी गावचे संग्रहालय उभे आहे. पुतळा मात्र कुठेच नव्हता. काही वर्षांपूर्वी डॉर्सेटमधल्या एका शाळकरी मुलीने, स्वतः किनाऱ्यावर दगड वेचणाऱ्या, आईला विचारले की मेरीचा पुतळा का नाही. मायलेकींनी मोहीम उघडली, जगभरातून पैसे आले आणि २१ मे २०२२ रोजी, मेरीच्या जन्मदिवशी, गावात तिचा कांस्य पुतळा बसला. लांब झग्यात ती समुद्राकडे, कड्यांच्या दिशेने चालली आहे आणि पायांशी ट्रे आहे.